बिनकाट्याचे शिंगाडे आणि आठ विलायती कासवं

सावरटोल्याच्या गुणाबाईचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. कोरायला कुणी आलं असतं, तर तिनं त्याला आधी विचारलं असतं की बाबा, एवढा चांगला दगड धुणं धुवायला का नाही दिला.

सावरटोला म्हणजे चांदा जिल्ह्यात, गडचिरोलीच्या वाटेवर, वैनगंगेपासून दोन कोस आत. धानाच्या बांध्या, एक मोठा तलाव, आणि गावच्या जमीनदार मालगुजाराच्या बंगल्यामागं एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. मोठ्या तलावात सगळ्या ढिवरांची, गावच्या मासेमारांची, जाळी पडायची. बोडी मात्र गुणाबाईच्या घराची. कागदावर नव्हे, कागद कुणी पाहिला होता? पण तिच्या आजेसासूपासून त्या बोडीत त्यांचा शिंगाड्याचा वेल होता आणि तिथं दुसऱ्यानं वेल सोडायचा नाही, हे गावातल्या म्हशींनासुद्धा ठाऊक होतं.

हा वेल साधा नव्हता. साध्या शिंगाड्याला दोन्ही बाजूंनी काटे असतात, तोडणाऱ्याची बोटं दिवाळीपर्यंत रक्ताळलेली. गुणाबाईच्या वेलाला बिनकाट्याचे शिंगाडे यायचे, हिरवेगार आणि दुधासारखे गोड. हे बियाणं आजेसासूनं कुठून आणलं ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. सुनेनं विचारलं तर म्हातारी म्हणायची, "तुले काय कराचं हाय? खाय ना गुमान."

शिंगाड्याच्या बियाची एक खोड असते. धानाचं बी कणगीत टाकून माणूस झोपू शकतो. शिंगाड्याचं बी सुकलं की मेलं. ते दिवाळीपासून पाण्यातच ठेवायचं, उन्हाळ्यात त्याला कोंब फुटले की रोपं जपायची, आणि पावसाळ्यात बोडी भरली की लावायची. त्यासाठी गुणाबाईच्या घरामागं एक डबरं खणलेलं होतं, कमरेएवढ्या पाण्याचं. वैशाखात अख्खं गाव प्यायच्या पाण्यासाठी विहिरीवर भांडत असताना ही बाई रोज दोन घागरी त्या डबऱ्यात ओतायची. नवरा घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीत. तो वर्षातून एकदा दिवाळीला यायचा आणि तिच्या मते तेवढा पुरे होता. डबऱ्याला मात्र एक दिवस खाडा चालत नसे.

मग मालगुजारी गेली. मोठा तलाव सरकारजमा झाला. मालगुजारानं बंगला तेवढा राखला, बंगल्याच्या आवारात बोडीही राखली, आणि दोन्ही एका लाकूड कंपनीला भाड्यानं देऊन तो नागपूरला निघून गेला. त्रेपन्न साली त्या बंगल्यात घारपुरे साहेब मॅनेजर म्हणून आले.

साहेब मूळचे नागपूरचेच. पण डोक्यावर हॅट चढली की विलायतेत जाऊन आल्यासारखे चालायचे. सागवान मोजायला आलेल्या माणसानं सागवान मोजावं. पण साहेबांना जगापेक्षा वेगळं काहीतरी असावं अशी हौस होती, आणि त्यांचा मेहुणा नेमका बोटीवर नोकरीला होता. त्यानं अमेरिकेहून पत्र्याच्या डब्यात आठ कासवं आणली. रुपयाएवढी, हिरवी, पाठीवर नक्षी आणि डोळ्यांमागं कानाच्या जागी लाल पट्टा. मुंबईहून आगगाडीनं चांद्याला, चांद्याहून मोटारीनं सावरटोल्याला. ज्या जिल्ह्यात चिखलात पाय घातला की कासव लागतं, तिथं सात समुद्र ओलांडून कासवं आणण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

बोडीभोवती तारेची जाळी ठोकली गेली. गुणाबाई रोपांची टोपली डोक्यावर घेऊन आली, तर चपराशी मुखरू फाटकात आडवा.

"आत जाता येत नाई, बाई. साहेबाचा हुकूम हाय."

"माह्या बोडीत मले जाता येत नाई? मंग कोणाले येते, तुह्या सासऱ्याले?"

आरडाओरडा ऐकून साहेब बाहेर आले. गुणाबाईनं त्यांना आजेसासूपासूनची हकिगत ऐकवली. साहेबांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "कागद आहे का?"

"वेल हाय ना जी. कागद कायले पाह्यजे?"

साहेबांना हे उत्तर फार विनोदी वाटलं. पण त्यांची एक अडचणही होती. मुखरू कासवांना भीत होता, माळी त्यांना शिवायला तयार नव्हता, आणि पुस्तकात लिहिलं होतं की तळ्यात थोडी वनस्पती असावी. साहेबांनी तिथल्या तिथं निवाडा केला. गुणाबाईनं कासवं सांभाळायची. त्या बदल्यात बोडीच्या एका कोपऱ्यात तिनं तिचा वेल लावायचा. कासवं जोवर सुखरूप, तोवर वेल सुखरूप.

अशी गुणाबाई आपल्याच बोडीत चाकरीला लागली.

कासवांचा थाट बघण्यासारखा होता. त्यांना उकडलेलं अंडं, बकऱ्याचा खिमा, आणि नागपूरहून मोटारीनं येणारी एक विलायती पालेभाजी, जी गावात पोचेस्तोवर कुजलेली असायची आणि तरी साहेब ती "ताजी" म्हणून टाकायला लावायचे. घरी आंबील पिऊन आलेली गुणाबाई काठावर बसून अंडी कुस्करायची. कासवांना ऊन खायला साहेबांनी पॉलिश केलेल्या सागाचा तराफा करून घेतला. कासवं त्याच्याकडं ढुंकून न बघता गुणाबाईच्या फुटक्या मडक्यावर जाऊन बसायची. साहेबांनी त्यांची नावं ठेवली होती रोझी, डेझी, टॉमी वगैरे. गुणाबाईनं स्वभाव बघून आपली नावं ठेवली. जो सगळ्यांना ढकलून पुढं यायचा तो सासरा. जो नुसता उन्हात पडून राहायचा तो नवरा. आणि जी सगळ्यांत जास्त खायची, खाऊन पुन्हा उपाशी असल्यासारखं तोंड करायची, ती नणंद.

एकदा एक नर मादीच्या तोंडासमोर पुढच्या पायांची लांब नखं थरथर हलवत होता. साहेब हरखून गेले. "बघ गुणाबाई, सलाम करतायत! शिकवलं की मुकी जनावरंही शिकतात." तो सलाम कशाचा आहे हे लग्न झालेल्या बाईला सांगावं लागत नाही. पण साहेबांना सांगणं तिच्या नोकरीत बसत नव्हतं, म्हणून ती "हव जी" म्हणाली.

ढिवरांत मात्र हसून हसून लोकांची पोटं दुखली. ढिवरांचा म्होरक्या खुशाल, पिकल्या मिशांचा माणूस, भर पंगतीत म्हणाला, "गुणाबाई, आपल्या सात पिढ्यायनं कासव खाल्लं. कासवाले खाऊ घालणारी तूच पहिली."

"खाऊ घालून राह्यली म्हणून माहा वेल हाय, खुशालभाऊ," गुणाबाई म्हणाली. "तुमच्या तलावात तुमचं काय हाय ते सांगा."

खुशाल मान खाली घालून भात कालवू लागला, कारण तलावाचा लिलाव त्याच वर्षी बाहेरच्या ठेकेदारानं घेतला होता.

पहिलं वर्ष बरं गेलं. रुपयाएवढ्या कासवानं खाऊन खाऊन किती खावं? दुसऱ्या वर्षी ती बशीएवढी झाली आणि त्यांना कळलं की कुजलेल्या विलायती भाजीपेक्षा कोपऱ्यातला हिरवा वेल फार गोड आहे. गुणाबाईनं बांबूचे तट्टे विणून कोपरा बंद केला. कासवं तट्ट्यावरून चढून पलीकडं जायची, नणंद सगळ्यांत पुढं. गुणाबाई रोज त्यांना उचलून अलीकडं टाकायची, कासवं रोज पुन्हा जायची. शेवटी ती साहेबांकडं गेली.

"साहेब, कासवं माहा वेल खाऊन राह्यले."

साहेबांनी पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम! हाच त्यांचा नैसर्गिक आहार."

त्या दिवसापासून अंडी बंद झाली.

छप्पन सालच्या दिवाळीला सगळा वेल मिळून एक टोपलीभर शिंगाडे निघाले. मधेच आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. गावात त्याची दवंडी पिटली गेली. गुणाबाईनं मुखरूला विचारलं, या राज्यात तरी कासवं वेल खात नाहीत ना? नवरा घुग्घुसहून आला, त्यानं शिंगाडे मागितले. तिनं त्याला एकही दिला नाही. सगळेच्या सगळे बियाण्याला ठेवले, पाण्याच्या डेऱ्यात. ते शेवटचे होते. ते गेले की काटेरी शिंगाडे बाजारात मिळतील हवे तेवढे, पण आजेसासूचा वेल पुन्हा कुणाच्या डोळ्यांना दिसणार नव्हता. गुणाबाई कुणाला भीत नसे, पण त्या वर्षी तिला भीती वाटत होती.

फाल्गुनात कोंब फुटले. चैत्रात डबऱ्यावर इवलीइवली पानं पसरली. गुणाबाई सकाळ-संध्याकाळ तिथं जाऊन उगीचच उभी राहायची.

वैशाखात बातमी आली की कंपनीचे थोरले साहेब शिकारीला येणार आणि येता येता घारपुरे साहेबांचं "अमेरिकन तळं" पाहणार. घारपुरे साहेबांना धन्य धन्य वाटलं. त्यांनी बोडीकडं नव्या नजरेनं पाहिलं आणि त्यांना तिच्यात चिखल दिसला. तळ्यात चिखल! त्यांनी हुकूम सोडला की बोडी रिकामी करा, चिखल तळापासून खरवडून काढा, काठ चुन्यानं रंगवा, आणि विहिरीचं स्वच्छ पाणी भरा.

बोडीचा गाळ म्हणजे बांधीला सोनं, आणि तोही फुकट. गाववाल्यांनी बंड्या जुंपल्या. खुशालनं दोन बंड्या भरून नेल्या आणि आपल्या बांधीच्या कोपऱ्यातल्या डबऱ्याकाठी रिचवल्या.

नेमकी तेव्हा गुणाबाई आरमोरीला भाचीच्या लग्नाला गेली होती. दोन रात्रींचा प्रश्न होता. ती मुखरूला बजावून गेली होती, "सकायी दोन घागरी माह्या डबऱ्यात टाकजो. इसरला त पाह्य." मुखरू विसरणारा नव्हता. साहेबांचंही तो काही विसरत नसे. साहेबांनी त्याला विचारलं, बोडी भरेपर्यंत कासवं ठेवायला गावात कुठं स्वच्छ पाणी आहे? मुखरूनं प्रामाणिकपणे सांगितलं की सगळ्या गावात वैशाखात रोज ताजं पाणी पडणारं एकच डबरं आहे.

गुणाबाई लग्नाहून आली, हातात लाडवाचं गाठोडं. ती घरात न जाता आधी मागं गेली. डबऱ्यात पानं नव्हती. एकही नव्हतं. कुरतडलेले कोंब आणि पोकळ झालेल्या बिया पाण्यावर तरंगत होत्या, आणि मधोमध सासरा पाय पसरून ऊन खात बसला होता.

मुखरू घागर घेऊन आला. "पाणी टाकलं ना बाई. दोन्ही दिवस टाकलं. एक दिवस नाई इसरलो."

तिनं त्याला शिवी दिली नाही. त्यामुळंच मुखरू घाबरला. ती डबऱ्याच्या काठावर बसली आणि लाडवाचं गाठोडं मांडीवर धरून रडली. सासू मेली तेव्हा ती रडली नव्हती, नवरा खाणीत गेला तेव्हा नव्हती. आता तिला हुंदका आवरेना. तीन बायकांनी जे पाण्यात जपलं, ते तिच्या हातून गेलं होतं, आणि ते खाणाऱ्यांना तिनंच चार वर्षं अंडी कुस्करून घातली होती.

मग तिनं डोळे पुसले आणि डबऱ्यातल्या पाठी मोजल्या. "सात हाय. आठवं कुठी?"

"सातच गवसले, बाई. चिखलात लय धुंडलं. साहेबाले सांगू नको ना."

"नाई सांगत," ती म्हणाली. "जाय, खुशालभाऊले बोलाव. म्हण, माह्या घरी पंगत हाय."

खुशाल आला तेव्हा विळा पाजळलेला होता आणि चुलीवर पाणी उकळत होतं. नवरा म्हणून ज्याचं नाव ठेवलं होतं त्या कासवाशी तिचा हात जरा अडला. चार वर्षं ते तिच्या हाताशी येऊन मान उंचावत असे. तिला वाईट वाटलं, आणि ते तिनं बोलूनही दाखवलं. पण विळा काही तिनं खाली ठेवला नाही. मोहरी-मिरचीचा झणझणीत रस्सा झाला. सगळे ढिवर जेवले. चार वर्षं हसणाऱ्या खुशालनं दोनदा वाढून घेतलं आणि एकदाही थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घारपुरे साहेब स्वतः आले. हॅट घालून, मागं मुखरू बादली घेऊन.

"गुणाबाई, कासवं कुठं आहेत?"

"खाल्ले."

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुणी खाल्ली?"

"मी खाल्ले. खुशालभाऊनं खाल्ले. मुखरूनंही एक वाटी खाल्ला." मुखरूनं बादली खाली ठेवली आणि तो आभाळाकडं बघू लागला.

"अमेरिकेची कासवं होती ती! तुला कळतं का, काय केलंस? पोलिसांत देईन तुला!"

"द्या जी. पन ठाण्यात सांगा का तुमच्या कासवायनं माह्यं बियाणं खाल्लं. तीन पिढ्यायचं बियाणं त्याईच्या पोटात होतं. माह्यं होतं, मी परत घेतलं."

साहेबांच्या पुस्तकात यावर काही लिहिलेलं नव्हतं. ते वळले आणि गेले. तिसऱ्या दिवशी थोरले साहेब आले. त्यांनी पांढऱ्याशुभ्र काठांची, वीतभर पाण्याची, रिकामी बोडी पाहिली आणि विचारलं, हे काय आहे? घारपुरे साहेब म्हणाले, "स्विमिंग टँक, सर." थोरल्या साहेबांनी हातातली काठी त्या वीतभर पाण्यात उभी करून पाहिली. पावसाळ्याआधीच घारपुरे साहेबांची बदली झाली.

नव्या मॅनेजरांना कासवांत रस नव्हता, बोडीतही नव्हता. त्यांनी फाटक उघडं टाकलं. गुणाबाईला बोडी परत मिळाली, आणि तिचं काय करायचं हे तिला कळेना. लावायला रोप नव्हतं. तळाला चिखलही राहिला नव्हता. बाजारातलं काटेरी बी आण म्हणून लोकांनी सांगितलं. "काटेरी माह्या बोडीत नाई," एवढंच ती म्हणाली. त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच ती बोडीकडं न बघता रस्त्यानं जाऊ लागली. घरामागचं डबरं तिनं मातीनं बुजवून टाकलं. माणसांशी भांडणंही कमी केली, आणि गावाला त्याचीच जास्त काळजी वाटली.

आश्विनात एका सकाळी खुशाल दारात आला.

"बाई, चाल. तुले काही दाखवाचं हाय."

"मले काई पाह्याचं नाई."

"चाल म्हनतो ना."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून ती उठली. बांधावरून चालत दोघं त्याच्या बांधीच्या कोपऱ्यावर आली. वैशाखात त्यानं ज्या डबऱ्याकाठी गाळ रिचवला होता, ते डबरं पावसानं तुडुंब भरून काठावर आलं होतं. त्या सगळ्या पाण्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिंगाड्याची पानं पसरली होती.

गुणाबाई काठावर वाकली. चांगल्या सालात तिच्या वेलाचे कितीतरी शिंगाडे पिकून बोडीत गळायचे, चिखलात रुतायचे. ते वाया गेले म्हणून ती दर वर्षी चरफडायची. ते तिथं तळाशी निजून राहिले होते. कोंब काढला असता तर कासवांनी खाल्ला असता, म्हणून की काय, त्यांनी काढला नव्हता. साहेबांनी चिखल खरवडून फेकला आणि तेवढं एक काम, न कळत का होईना, त्यांच्या हातून चांगलं झालं. ढिगाच्या पोटातला गाळ ओलाच राहिला, आणि पहिल्या पावसानं तो बियांसकट डबऱ्यात उतरला.

ती गुडघाभर पाण्यात उतरली. एक पान उलटून तिनं शिंगाडा खुडला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. काटा नव्हता. तिनं तो दातांनी सोलला, तोंडात टाकला, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. खुशालनं तोंड फिरवून दूरच्या मोहाच्या झाडाकडं पाहिलं.

"वेल माह्या डबऱ्यात हाय," तो झाडाकडंच बघत म्हणाला. "पन तुहा हाय. मी पंचायले सांगून टाकलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. तेवढ्यात समोरची पानं हलली. वारा नव्हता. दोन पानं बाजूला सरली, मधून एक हिरवं डोकं वर आलं, डोळ्यामागं लाल पट्टा. तोंडात कोवळं देठ होतं. ते चावत चावत त्या कासवानं गुणाबाईकडं पाहिलं, अगदी उपाशी असल्यासारखं तोंड करून.

"नणंदबाई," गुणाबाई म्हणाली, "तुमी गाळासंगं इथी येऊन राह्यल्या काय?"

तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, पाण्यात एक पाऊल पुढं टाकलं, आणि मागं न बघता हाक दिली.

"खुशालभाऊ, घरी सांगा, चुलीवर पाणी ठेवा."